गैरसोयीचे खाते

दिवाळीच्या अंकात जमाखर्चाची भाषा काढणे हा रसभंग आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला मी एवढेच सांगेन, की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपड्यांना हळदकुंकू वाहणारा समाज आपला आहे. वहीला आपण देवाशेजारी पाट मांडून बसवतो. त्या वहीत एक खाते पिढ्यान्‌पिढ्या कोणी उघडलेलेच नाही, ही तक्रार मांडायला याहून चांगला मुहूर्त मला सुचत नाही. ते खाते गैरसोयीचे.

कारखानदार कच्चा माल किती आणला ते लिहितो, मजुरी लिहितो, विजेचे बिल लिहितो. जाहिरातीवर किती उडवले हे तर चारचौघांत अभिमानाने सांगतो. परंतु आपली वस्तू हाती घेतल्यावर गिऱ्हाइकाच्या कपाळावर किती आठ्या पडल्या, मोबाइलवर अर्ज भरता भरता किती जण तिसऱ्या पानावर कंटाळून उठले, विम्याचे कागद न उमगल्यामुळे किती घरांनी तो विचारच सोडून दिला, याची नोंद कोठेही नसते. आणि जे वहीत नाही ते जगातही नाही, अशी आपल्या व्यापारी मंडळींची ठाम समजूत आहे. माझे म्हणणे असे, की हा खर्च होत असतो, रोज होत असतो. फक्त त्याची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडलेली असते. पुढे कधीतरी ती सव्याज परत येते, आणि तेव्हा शेटजी बाजार मंदावल्याचे गाऱ्हाणे गात बसतात.

ही गैरसोय दूर करण्याच्या विद्येला हल्ली 'यूजर एक्स्पीरियन्स डिझाइन' असे मालगाडीसारखे लांबलचक नाव आहे. डोनाल्ड नॉर्मन हे अमेरिकन गृहस्थ १९९० नंतरच्या काळात अॅपल कंपनीत होते, तेव्हापासून ते रूढ झाले. नावाने बिचकण्याचे कारण नाही. आपल्याकडे तिला 'सोय' म्हणतात, आणि सोय जाणे तो सोयरा, हा तिचा पहिला धडा आपल्या आज्यांना पाठ होता. तो विसरले ते त्यांचे एम. बी. ए. झालेले नातू.

माझ्या परिचयाचे एक व्यवस्थापक आहेत. गृहस्थ सज्जन, वाचनही चांगले. त्यांच्या कंपनीच्या नव्या ॲपविषयी मी कुरकुर केली तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, लोक शिकतात हळूहळू. आम्ही काय प्रत्येकाच्या हाताला धरून बसायचे?" या दोन वाक्यांत आपल्या उद्योगधंद्यांचे अर्धे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. लोक शिकतात, हे खरेच. घाण्याचा बैलही शिकतो. पण बैलाला दुसरा घाणा निवडण्याची मुभा नसते. गिऱ्हाइकाला असते, आणि जाताना ते आपला राजीनामा लिहून देत नाही.

मुळात प्रश्न कष्टांचा आहे. कोणतेही काम व्हायचे तर कोणाला तरी डोके शिणवावेच लागते. ते बनवणाऱ्याने एकदा शिणवायचे, की वापरणाऱ्या लाखोंनी रोज शिणवायचे, एवढाच काय तो निर्णय. जो बनवणारा ते कष्ट आपल्या अंगावर घेतो तो दानधर्म करीत नाही. तो भांडवल गुंतवीत असतो. याचे उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. वाचक हा अंक ज्या खोलीत वाचत असतील त्याच खोलीच्या भिंतीवर ते बहुधा टांगलेले असेल.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले. त्यापूर्वी पंचांग नव्हते काय? होते, उत्तम होते. सोलापूरच्या दाते पंचांगाच्या गणितावर बोट ठेवण्याची माझी छाती नाही. परंतु पंचांग वाचणे ही स्वतंत्र विद्या होती. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांचे बारीक अक्षरांतले रकाने, घटका-पळांचे हिशेब, संक्षेपाने लिहिलेल्या खुणा. ज्याला त्यातले कळते त्याच्यापाशी जाऊन विचारावे, ही रीत. घरातल्या बाईला हवे असायचे एवढेच, की आज संकष्टी आहे तर चंद्रोदय किती वाजता आणि पोरांना कधी जेवू घालायचे. दुसरीकडे भिंतींवर कॅलेंडरे लटकत होती. त्यांवर देवदेवतांची चित्रे मोठी आणि तारखा बारीक. म्हणजे ज्ञान पोथीत, आणि भिंत नुसती शोभेची.

साळगावकरांनी आकाशात नवा ग्रह शोधला नाही. त्यांनी पंचांग पोथीतून काढून भिंतीवर आणले. एका दिवसाला एक चौकोन. तिथी केव्हा संपते ते घड्याळाच्या तासामिनिटांत. चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ तेथल्या तेथे. हिंदूंच्या सणांबरोबर मुसलमानांचे, ख्रिस्त्यांचे, पारशांचेही सण, कारण चाळीत शेजारी सगळेच राहतात आणि सुट्टी सगळ्यांनाच लागते. मागची बाजू कोरी राहिली असती. तेथे पाककृती, आरोग्य, भविष्य, नामवंतांचे लेख. महिना संपला की पान उलटायचे आणि उलटलेले पानही वाचायचे! शिवाय इतके सारे छापूनही त्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दुधाचे जादा लिटर, कामवाल्या बाईंचे खाडे आणि गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिण्यापुरती जागा घरोघरच्या गृहिणींनी शोधून काढलीच.

आता धंद्याच्या दृष्टीने याचा विचार करा. कॅलेंडर ही आपल्याकडे फुकट मिळणारी वस्तू आहे. वाणी देतो, बँक देते, विमा एजंट देतो, सराफ देतो. फुकटाच्या या पुरात जी वस्तू दर वर्षी लोक पदरचे पैसे मोजून विकत आणतात, ती कशाच्या बळावर खपते? कागद तोच, शाई तीच, तारखा तर सर्वांच्या सारख्याच. जे विकले जाते ते आहे वाचणाऱ्याचे वाचलेले डोकेदुखीचे क्षण. लाखोंनी प्रती खपल्या, मराठीबाहेर अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या. सोयीवर पैसा घालणे ही चैन आहे, असे म्हणणाऱ्याला मी या भिंतीपाशी नेऊन उभा करीन.

स्वयंपाकघरातही हाच पुरावा सापडतो. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईत सीमेन्स कंपनीत इंजिनियर. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा ब्राउन मिक्सर आपल्याकडचे वाटण वाटता वाटता निकामी झाला, आणि दुरुस्तीची सोय होईना. ते यंत्र वाईट होते असे नव्हे. ते ज्या स्वयंपाकघरासाठी घडवले त्या स्वयंपाकघरात सुके खोबरे, भिजवलेली डाळ आणि खडा मसाला नव्हता, इतकेच. माथुरांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी जोरदार मोटर घालून यंत्र केले आणि १९६३ साली 'सुमीत' मिक्सर बाजारात आला. पाट्याजवळ बसणाऱ्या बाईचे खांदे दुखतात, ही गोष्ट बाजारपेठेची माहिती आहे, हे ज्याला कळले त्याचा धंदा चालला. बाकीचे अजून सर्वेक्षणे करीत असतील.

या बाबतीत आपण अडाणी आहोत, असे मुळीच नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या सांगण्यावरून देशभर हिंडून एक अहवाल लिहिला. साऱ्या हिंदुस्थानात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो लोटा. म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगावर ओततो तो तांब्या. भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, हातात कसा बसतो, धार कशी पडते, कमरेवर की डोक्यावर कसा नेता येतो, आतून घासता येतो की नाही, किंमत काय, मोडीत काय मिळेल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्या सर्वांची उत्तरे शोधून ठेवली आहेत हे दाखवून दिले. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ साली पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. म्हणजे परंपरा आहे, संस्था आहेत, शिकून तयार झालेली हुशार मुलेही आहेत. मग अडते कोठे? अडते ते या मुलांना केव्हा बोलावतात तेथे. लग्न ठरले, मुहूर्त काढला, आचारी आला, वऱ्हाड निघाले, आणि मग मांडवाला पताका लावायला एखाद्या पोराला हाक मारावी, तसे कंपन्या यांना शेवटच्या आठवड्यात बोलावतात. "जरा छान दिसेल असे करून द्या." नवरदेव कोणता, हे विचारायची सोय उरलेली नसते.

पावती सव्याज परत कशी येते, याचा एक दाखला देतो. तो न्यायालयात नोंदला गेला आहे, म्हणून कल्पित वाटायचे कारण नाही.

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रेव्हलॉन या अमेरिकेतील प्रसाधनांच्या कंपनीने काढलेल्या कर्जाचा कारभार सिटीबँक पाहत होती. कर्ज देणाऱ्यांना त्या दिवशी व्याजापोटी सुमारे ७८ लाख डॉलर पाठवायचे होते. तेव्हाच्या दराने ५८ कोटी रुपयांच्या आसपास. मुद्दल पाठवायचे नव्हते. पण बँकेची संगणकप्रणाली अशी, की हे व्याज पाठवण्यासाठी जणू सारे कर्जच फेडतो आहोत असे दाखवायचे, आणि मुद्दल मात्र बँकेच्या आतल्याच एका खात्यात वळवून घ्यायचे. ते वळवायला पडद्यावरच्या तीन चौकोनांत खूण करून खात्याचा क्रमांक भरावा लागे. चौकोनांची नावे 'फ्रंट', 'फंड' आणि 'प्रिन्सिपल'. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल. तेव्हा भरणाऱ्याने त्या एकाच चौकोनात खूण केली. तुम्ही-आम्हीही तेच केले असते. एकाने भरले, दुसऱ्याने तपासले, तिसऱ्याने मंजुरी दिली. पहिले दोघे भारतातले, तिसरा अमेरिकेतला. सहा डोळ्यांना काही वावगे दिसले नाही, आणि सुमारे ८९ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे साडेसहा हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम, बँकेच्या स्वतःच्या तिजोरीतून निघून गेली!

त्यातले सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला घेणाऱ्यांनी साफ नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्याच बाजूने कौल दिला. तो वरच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये फिरवला तेव्हा कोठे बँकेचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षे वकील, दोन वर्षे जगभर शोभा. फ्लेक्सक्यूब नावाची ही प्रणाली मूळची आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीची, पुढे ओरॅकलकडे गेलेली. आणि बेरीज-वजाबाकीत तिने कसूर केली असे कोणी म्हटले नाही. तिला जे सांगितले ते तिने चोख केले. तीन चौकोनांच्या शेजारी 'तिन्ही भरल्याशिवाय मुद्दल बाहेर जाईल' एवढे एक वाक्य ठळक अक्षरांत असते तर? ते लिहायला किती खर्च आला असता, याचा हिशेब मी वाचकांवर सोपवतो.

असल्या मोठ्या आकड्यांनी डोळे दिपतात आणि घरातले दिसेनासे होते, म्हणून एक लहान रक्कमही सांगतो. माझी एक मावशी मिरजेस असते. वय ७४. शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवलेली बाई. तिला अडाणी म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही. तिच्या बँकेने शाखेतली खिडकी बंद केली आणि ठेवीचे नूतनीकरण मोबाइलवर करायला सांगितले. ओटीपीचा आकडा वाचायला ती संदेशाच्या पडद्यावर जाई, तो परत येईपर्यंत पहिला पडदा पुसला जाऊन अर्ज पुन्हा 'श्रीगणेशाय नमः'पासून सुरू होई. तीनदा असे झाल्यावर ॲपने तिला चोवीस तासांसाठी कुलूप घातले. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या मुलाच्या हाती फोन दिला, आणि फोनबरोबर गुप्त आकडाही दिला. मुलगा चांगला होता, म्हणून निभावले. रोज कितीतरी वृद्ध असेच कोणाच्या तरी हाती फोन देतात, आणि प्रत्येक ठिकाणी मुलगा चांगला असतोच असे नाही. मग 'ग्राहकाने सावध राहावे' अशी जाहिरात बँकाच करतात. मावशीने पुढच्या महिन्यात ठेव मोडली आणि ज्या सहकारी बँकेतला कारकून खुर्चीतून उठून जवळ येतो तेथे नेऊन ठेवली. जुन्या बँकेच्या दप्तरी काय लिहिले गेले? ठेव मुदतपूर्व काढली; कारण, 'वैयक्तिक'.

'वैयक्तिक'! गैरसोयीचे खाते वहीत का दिसत नाही, ते या एका शब्दात आले.

यावर आमचे व्यवस्थापक म्हणतील, की म्हाताऱ्या माणसांना नवे काही नकोच असते. मग मंडईतल्या भाजीवालीच्या टोपलीशेजारी क्यूआरची पाटी कोणी टांगली? खाते क्रमांक आणि अकरा अक्षरांचा आय. एफ. एस. कोड घोकून पैसे पाठवण्याची विद्या आपल्याकडे आधीपासून होतीच. ती चाकरमान्यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. २०१६ साली यूपीआय आले, त्याने ते सारे आकडे पडद्यामागे नेले आणि पुढे ठेवला नुसता फोन नंबर किंवा एक ठिपक्यांचा चौकोन. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार १,००० कोटींच्या वर गेले. ते फुकट होते, नोटाबंदीने लोकांना ढकलले होते, हे मला मान्य आहे. पण नुसत्या फुकटाने वांगी तोलता तोलता पैसे घेता येत नाहीत.

सल्लागार लोक याची टक्केवारीही काढतात. मॅकिन्झी या बड्या कंपनीने २०१८ साली ३०० कंपन्यांचा पाच वर्षांचा हिशेब मांडून म्हटले, की डिझाइनमध्ये वरच्या चौथाईत बसणाऱ्यांची उत्पन्नवाढ इतरांहून ३२ टक्क्यांच्या अंकांनी पुढे होती. मी या आकड्याने हुरळून जात नाही. सल्ला विकणाऱ्याने सल्ल्याचे मोल काढलेले. शिवाय ज्याचे बरे चालले आहे त्यालाच सोयीवर खर्च करणे परवडते, अशीही शंका घ्यायला जागा आहे. मला त्याहून बोलका वाटतो तो ॲमेझॉनचा पेटंट. एकदा टिचकी मारली की खरेदी पुरी, या युक्तीवर त्यांनी १९९९ साली अमेरिकेत हक्क मिळवला, आणि पुढच्याच वर्षी अॅपलने पैसे मोजून ती वापरायची परवानगी घेतली. गाळलेल्या दोन-चार पायऱ्यांना बाजारात भाव आला! असल्या क्षुल्लक गोष्टीवर मालकी सांगावी की नाही हा वाद वेगळा. मला तो दावा थोडा निर्लज्जच वाटतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. जेथे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची वाटच नाही, तेथे गैरसोय कोणालाच महाग पडत नाही. सरकारी दाखला एकाच खिडकीत मिळतो. ती खिडकी उंच असली म्हणून कोणी दुसरे सरकार शोधत नाही. पण तेथेही तो खर्च हवेत विरत नाही. पूर्वी कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून अर्ज लिहून देणारे बसत. अर्ज संगणकावर आला, आता घरबसल्या भरा म्हणाले. तरी गावोगावच्या दुकानांतून 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या आहेत. झाडाखालचा माणूस दुकानात गेला, एवढीच काय ती प्रगती. त्याच्या पोटावर पाय आणण्याची माझी इच्छा नाही. पण अवघड अर्ज हा गरिबाच्या खिशावरचा कर आहे, आणि तो कोणत्याही विधानसभेने मंजूर केलेला नाही.

याहूनही वाईट ते, ज्यांना ही विद्या पुरती अवगत आहे आणि जे ती गिऱ्हाइकाविरुद्ध वापरतात. वर्गणी सुरू करायला एक टिचकी, बंद करायला सात पाने आणि शेवटी एक फोन नंबर जो कोणी उचलत नाही. टोपलीत न मागितलेला विमा हळूच टाकलेला. 'शेवटच्या दोनच जागा शिल्लक' अशी रोज सकाळी नव्याने होणारी घाई. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या १३ लबाड्यांची नावानिशी यादी करून त्यांवर बंदी घातली. इंग्रजीत त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. हेही गुंतवणुकीवर परतावा देतात, हे उघड आहे, आणि म्हणून 'सोयीने नफा होतो' एवढेच म्हणून जो थांबतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. तराजूचा काटा ओळखणारा वाणी दोन्ही प्रकारचा असतो. फरक एवढाच, की मापात मारणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जाते ते केवळ नाइलाजाने, आणि गल्लीत दुसरे दुकान निघाले त्या दिवशी त्याची गर्दी ओसरते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. कोणतीही नवी वस्तू, अर्ज किंवा ॲप बाजारात आणण्यापूर्वी मालकाने स्वतः पाच माणसे समोर बसवावीत. पाचच, जेकब नीलसन नावाच्या या विषयातल्या जाणत्याने २००० सालीच सांगून ठेवले आहे, की पाच जणांत बहुतेक खोडी बाहेर पडतात. त्यांत एक मिरजेच्या मावशीसारखी असावी, एक भाजीवाली असावी. वस्तू त्यांच्या हाती द्यावी आणि मग तोंडाला कुलूप लावून नुसते पाहावे. समजावून सांगायचे नाही, बोट दाखवायचे नाही, 'तिथे नाही, वरती, वरती' असे ओरडायचे नाही. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला यापेक्षा कठीण शिक्षा मला ठाऊक नाही. खर्च म्हणाल तर पाच चहा आणि बिस्किटांचा पुडा.

आणि दुसरी मागणी वार्षिक अहवालाची. भागधारकांना चकचकीत कागदावर जाहिरातीचा खर्च दाखवता, तसा एक आकडा आणखी छापा: अर्ज सुरू करणारे किती आणि शेवटच्या पानापर्यंत पोचलेले किती. हा आकडा काढायला नवा माणूस नेमावा लागणार नाही. यंत्र तो रोज मोजते, कोणत्या पानावर कितीजण उठून गेले तेही टिपून ठेवते. तो कंपनीत कोणा तरी तरुण मुलीच्या संगणकावर पडून असतो, आणि संचालकांच्या बैठकीला तिला कोणी बोलावलेले नसते.